प्रोजेक्टर सुरू का होत नाही?



गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. सौंसरला आमच्या शेजारच्या घरी मुलीचे लग्न ठरले. लग्न नागपूरला होते. घरातील वृद्ध आजीबाईंचा पाय लग्नाच्या पंधरा दिवस आधी मोडला. ज्या नातीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळविले, तिच्या डोक्यावर अक्षता टाकण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. पुढे मुलगी मांडवपरतणीसाठी माहेरी आली, तेव्हा लग्नाचा चित्रपट आजीबाईंना मोठ्या पडद्यावर दाखवावा असे सर्वांनी ठरविले. घरात एक प्रोजेक्टर होता. अंगणात खाट टाकली, भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि उंची साधावी म्हणून प्रोजेक्टर टेबलावर एका उशीवर ठेवला. रात्रीचे आठ वाजून गेले होते, तरी अंगणातील फरशी पायाला चटका देत होती.

सीमांतपूजन झाले, वरात आली, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली. आणि नेमक्या त्याच क्षणी आपल्याकडे म्हणतात तशी ‘लाइन’ गेली. दोन-तीन मिनिटांत ती परतही आली. घरातील दिवे लागले, पंखे फिरू लागले. परंतु प्रोजेक्टर काही लागेना.

मग जे घडले ते आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. एकाने बटण वीस वेळा दाबले. दुसऱ्याने “व्होल्टेज कमी आहे” असा निकाल दिला. तिसऱ्याने यंत्राच्या पाठीवर दोन थापा मारल्या. मुलीचे मामा पेचकस घेऊन आले आणि यंत्र उघडण्यास सिद्ध झाले. एवढ्या गर्दीत इयत्ता आठवीतील एक मुलगा मात्र यंत्राजवळ उकिडवा बसून त्याच्याकडे निरखून पाहत होता. तो मला म्हणाला, “सर, हा तांबडा दिवा मघापासून सारखा लुकलुकतो आहे. तो काही सांगत असेल का?”

मित्रांनो, या लेखात मला जे सांगावयाचे आहे, ते सर्व त्या मुलाच्या प्रश्नात आलेले आहे. न चालणारे यंत्र बहुधा मुके नसते. ते का चालत नाही हे ते आपल्या परीने सांगत असते. आपण मात्र त्याला बोलू देत नाही.

पूर्वी यंत्राशेजारी माणूस बसे

प्रोजेक्टर, म्हणजेच प्रक्षेपक, हे मुळात साधे यंत्र आहे. प्रखर दिवा, त्याच्यापुढे चित्र आणि चित्रापुढे भिंग अशी त्याची मांडणी असते. महाराष्ट्रात या विद्येची परंपरा जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ दाखविण्यास प्रारंभ केला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला.

पुढील काळातील चित्रपटगृहांत दोन कार्बनकांड्यांमधील विजेच्या कमानीने प्रकाश मिळवीत. कांड्या जळत जात, तसतसे त्यांच्यातील अंतर वाढे, म्हणून त्या सारख्या जवळ आणाव्या लागत. त्या काळची फीत नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही होती. ती दिव्यापुढे क्षणभर जरी अडकली, तरी आग लागण्याचे भय असे. यास्तव यंत्राशेजारी एक जाणता माणूस सतत बसलेला असे. त्याची नजर दिव्यावर, कान यंत्राच्या आवाजावर आणि हात झडपेवर असे. काही विपरीत दिसले की तो यंत्र थांबवी.

आजच्या घरगुती प्रोजेक्टरजवळ असा माणूस नसतो. त्याची राखण यंत्राच्या पोटातच बसविलेली आहे. उष्णता मोजणारे संवेदक, पंखे फिरतात की नाही हे पाहणारी योजना, दिव्याचे झाकण बंद आहे की नाही हे तपासणारी कळ, हे आजचे राखणदार होत. यांपैकी एकाने जरी ‘थांबा’ म्हटले, तरी दिवा लागत नाही. म्हणून यंत्राने दिलेला नकार हा प्रत्येक वेळी यंत्राचा बिघाड असतो असे नाही. पुष्कळदा तो बिघाड टाळण्यासाठी दिलेला असतो.

दिव्याची प्रकृती

अनेक प्रोजेक्टरांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, लहानशा कुपीत थोडा पारा असून दोन विद्युदग्रांत सुमारे एक मिलिमीटरचे अंतर असते. दिवा पूर्ण प्रज्वलित झाला म्हणजे कुपीतील दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २०० पट होतो. तो पेटविण्यासाठी प्रथम हजारो व्होल्टचा क्षणिक धक्का द्यावा लागतो. एकदा कमान पेटली की पुढे शंभर व्होल्टच्या आसपासच काम भागते. हा धक्का देणारा आणि नंतर प्रवाहाला आवर घालणारा भाग म्हणजे ‘बॅलास्ट’ होय.

आता विचार करा. दिवा तापलेला असताना वीज गेली. कमान विझली, परंतु कुपी तापलेलीच आहे आणि आतील वाफेचा दाबही मोठा आहे. थंड कुपीत जी ठिणगी सहज उडते, ती एवढ्या दाबात उडू शकत नाही. कुपी निवाली, पाऱ्याची वाफ पुन्हा थेंबरूप झाली, दाब उतरला, म्हणजे मगच दिवा पेटण्यास योग्य होतो. त्यातच वीज जाताना पंखाही थांबल्याने कुपी निवण्यास वेळ लागतो. हीच अडचण यंत्र बंद करताना येऊ नये म्हणून दिवा विझल्यानंतरही पंखा काही काळ फिरत राहतो. तो थांबण्यापूर्वी प्लग ओढणे ही दिव्याचे आयुष्य कमी करणारी सवय आहे.

नव्या काही प्रोजेक्टरांत पाऱ्याच्या दिव्याऐवजी एलईडी अथवा लेझर असतात. त्यांना पुन्हा पेटण्यासाठी निवावे लागत नाही. तथापि उष्णतेचे भय त्यांनाही आहे आणि राखणदार त्यांच्या पोटातही बसलेले आहेत.

शोधाचा क्रम

बिघाड शोधताना वीज ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने आपण जावे. मध्येच उडी मारू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय घडले ते वहीत लिहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर कोणत्या गोष्टीने चालू झाले हे कळत नाही. आणि जे कळले नाही, ते पुढच्या वेळी उपयोगी पडत नाही.

पहिला प्रश्न : वीज यंत्रापर्यंत पोहोचते काय? यंत्रावरील एकही दिवा लागत नसेल, तर भिंतीपासून आरंभ करावा. त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये असेल, तर तो वगळून यंत्र सरळ भिंतीला जोडून पाहावे. यंत्राच्या मागील बाजूस शिरणारी तार पुष्कळदा अर्धवट बाहेर आलेली असते. प्लग काढून ती नीट बसवावी. सॉकेटमध्ये चुरचुर आवाज येत असेल अथवा ते काळे पडले असेल, तर ते वापरू नये.

येथे ‘व्होल्टेज कमी’ या आवडत्या निदानाचा विचार करू. यंत्राच्या मागे अथवा तळाशी एक पट्टी असते. बहुतेक आधुनिक प्रोजेक्टरांवर तेथे १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आढळते. आपला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. तो काहीसा उतरला तरी असे यंत्र अडून बसण्याचे कारण नाही. उलट, परदेशातून आणलेल्या एखाद्या यंत्रावर केवळ १२० व्होल्ट लिहिलेले असेल, तर आपल्याकडे ते सरळ जोडल्याने जळून जाईल. तात्पर्य, अंदाज करण्यापूर्वी पट्टी वाचावी.

दुसरा प्रश्न : आपली आज्ञा यंत्राला पोहोचते काय? एक बारीक दिवा स्थिर लागलेला आहे, परंतु रिमोटने काहीच घडत नाही, अशा वेळी यंत्रावरील बटण दाबून पाहावे. त्याने ते सुरू झाले, तर दोष रिमोटचा. रिमोटमधून येणारे अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु पुष्कळशा मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यातून ते फिकट जांभळ्या ठिपक्यासारखे दिसतात. ठिपका दिसला नाही, तर आधी बॅटरी बदलावी. काही यंत्रांत लहान मुलांनी बटणे दाबू नयेत म्हणून कुलूप घालण्याची सोय असते. यंत्रावरील बटणे दाद देत नसतील, तर तीही शक्यता लक्षात घ्यावी.

तिसरा प्रश्न : दिवे काय सांगतात? यंत्रावर बहुधा दोन किंवा तीन लहान दिवे असतात. एक विजेचा, एक मुख्य दिव्याचा आणि एक तापमानाचा. कोणता दिवा, कोणत्या रंगाचा, स्थिर की लुकलुकता आणि लुकलुकत असल्यास किती वेळा, हे सर्व लिहून घ्यावे. या खुणांचा अर्थ प्रत्येक उत्पादकाचा निराळा असतो. तो पुस्तिकेत कोष्टकरूपाने दिलेला असतो. नवी वस्तू घरी आली की आपण खोके जपून ठेवतो आणि पुस्तिका हरवितो. वास्तविक याच्या उलट व्हावयास पाहिजे.

चौथा प्रश्न : यंत्राला श्वास घेता येतो काय? आपल्या भागात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत चालविण्यासाठी बनविलेले असतात. वैशाख-ज्येष्ठात सौंसर-पांढुर्ण्याच्या दुपारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यात आपला मुलूख कापसाचा आणि संत्र्यांचा. शेतातील धूळ आणि कापसाचे तंतू जाळीवर बसतात आणि हवेची वाट अडते. प्लग काढून, यंत्र निवल्यावर, जाळी बाहेर काढावी आणि मऊ कुंचल्याने झटकावी. पुस्तिकेत सांगितले नसेल, तर ती पाण्याने धुऊ नये. यंत्राच्या चारी बाजूंना मोकळी जागा असावी. उशी, गादी अथवा सतरंजी यांवर ते कधीही ठेवू नये, कारण काही यंत्रांची हवा तळातून आत जाते.

पाचवा प्रश्न : झाकण बंद आहे काय आणि दिवा ठीक आहे काय? येथे मी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडील प्रोजेक्टरमधील धूळ मी साफ केली. त्यानंतर तो सुरू होईना. दिव्याची खूण तांबडी दिसली. दिवा गेला, असे मी ठरविले, नागपूरला जाऊन नवा दिवा आणला आणि त्यासाठी बरेच पैसे मोजले. तो बसविला तरी यंत्र सुरू होईना. शेवटी पुस्तिका वाचली. दिव्याच्या झाकणाचा एक स्क्रू मी पुरता आवळला नव्हता. त्यामुळे झाकणाखालची कळ दाबली जात नव्हती. स्क्रूला दोन फेरे दिले आणि यंत्र सुरू झाले. नंतर जुना दिवा बसवून पाहिला, तर तोही उत्तम लागला. ज्या गोष्टीला आपण शेवटचा हात लावला, तिच्याकडे प्रथम पाहावे, हा धडा मी त्या दिवशी पैसे देऊन विकत घेतला.

दिवा खरोखरच जातो, हेही खरे. पाऱ्याच्या दिव्याचे आयुष्य साधारणतः २,००० ते ५,००० तासांचे असते आणि यंत्र त्या तासांची नोंद ठेवते. कुपी काळवंडली असेल, तिला तडा गेला असेल अथवा ती फुगली असेल, तर दिवा बदलावा. परंतु दिवा न बदलता नुसती तासांची नोंद पुसून टाकणे, म्हणजे नापास झालेल्या मुलाने गुणपत्रिकेवरील आकडे खोडण्यासारखे आहे.

सहावा प्रश्न : कानांना काय ऐकू येते? सूक्ष्म आरशांच्या जातीचे जे प्रोजेक्टर असतात (त्या आरशांचा शोध अमेरिकेतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली लावला), त्यांपैकी पुष्कळांत रंगीत काचेचे एक लहान चक्र मिनिटाला हजारो फेरे घेते. चक्राचा वेग ठरल्याप्रमाणे नसेल, तर यंत्र दिवा पेटवीत नाही अथवा पेटलेला दिवा विझविते. करकर असा आवाज येऊन यंत्र थांबत असेल, तर दोष चक्रात किंवा पंख्यात असू शकतो. ‘टिक टिक’ असा पेटविण्याचा प्रयत्न ऐकू येतो आणि प्रकाश मात्र पडत नाही, असे झाल्यास दिवा अथवा बॅलास्ट यांवर संशय घ्यावा. हे सर्व ऐकून लिहून ठेवावे. दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.

पडद्यावर निळा अथवा काळसर प्रकाश पडत असेल आणि चित्र तेवढे नसेल, तर यंत्र सुरू झालेलेच आहे. अशा वेळी दिव्याच्या मागे न लागता चित्र आणणारी तार तपासावी.

कोठे थांबावे

आता मामांच्या पेचकसाविषयी. दिव्याचे आणि जाळीचे झाकण ही वापरणाऱ्यासाठी केलेली दारे आहेत. यंत्राचे मुख्य कवच हे तसे दार नव्हे. आपल्या घरातील २३० व्होल्ट ही परिणामी किंमत होय; तिला दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४१४ ने गुणल्यास शिखरावरचे सुमारे ३२५ व्होल्ट येतात. यंत्रातील कॅपॅसिटर एवढ्या किंवा याहूनही अधिक दाबाने भारलेले असतात आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तसेच राहतात. त्यांचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. त्याचप्रमाणे संरक्षक कळ तारेने जोडून यंत्राची ‘फसवणूक’ करणारे लोक आढळतात. त्यांनी फसविलेले असते स्वतःला. कारण झाकण उघडे असताना तापलेली कुपी फुटली, तर गारेचे तुकडे आणि पाऱ्याची वाफ बाहेर येते. कुपी फुटलीच, तर यंत्राची वीज तोडावी, खिडक्या-दारे उघडावी, सर्वांनी खोलीबाहेर जावे आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. जुना दिवा कचऱ्यात टाकू नये. त्यात पारा असल्याने तो ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावा.

वरील प्रश्न संपले आणि यंत्र तरीही सुरू झाले नाही, तर आपले काम संपले असे समजावे. वहीतील नोंद घेऊन जाणत्या कारागिराकडे जावे. येथे थांबण्यात कमीपणा नाही.

उपसंहार

त्या रात्री आम्ही काय केले? नवरीच्या वडिलांनी खोक्यातून पुस्तिका शोधून काढली. त्या मुलाने कोष्टकावर बोट ठेवून वाचले. तो दिवा तापमानाचा होता. प्लग काढला. यंत्र उचलताच उशीला तळाचा चटका लागलेला हाताला जाणवला. जाळी काढली, तर तिच्यावर धुळीचा थर जमलेला होता. ती झटकली, यंत्र घरात नेऊन फरशीवर मोकळ्या जागी ठेवले आणि चाळीस मिनिटे स्वस्थ बसून राहिलो. एवढ्या मंडळींना चाळीस मिनिटे काहीही न करता बसविणे, हे त्या रात्रीचे सर्वांत अवघड काम होते!

पुढे यंत्र पुन्हा टेबलावर आले, या वेळी त्याच्या खाली लाकडी पाट होता. मुलाने बटण एकदाच दाबले. हिरवा दिवा लुकलुकला, पंखा घुमू लागला आणि चादरीवर प्रकाश पडला. मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला. आजीबाईंनी एवढा वेळ मुठीत धरून ठेवलेल्या अक्षता चादरीच्या दिशेने टाकल्या. त्यांतील काही जवळ बसलेल्या नातीच्या डोक्यावर पडल्या.

मित्रांनो, सायकल असो, मोटेच्या जागी आलेला विजेचा पंप असो वा प्रोजेक्टर असो, यंत्र अडले की आपला हात प्रथम धावतो. त्याच्या आधी डोळा, कान आणि वही पुढे झाली पाहिजेत. प्रयोगशाळेत आपण जी शास्त्रीय पद्धती शिकतो, ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसाठी नाही. ती अशा एखाद्या रात्रीसाठी आहे.

स्वाध्याय

१. तापलेला पाऱ्याचा दिवा लगेच पुन्हा का पेटत नाही? कारण तुमच्या शब्दांत लिहा.

२. पुरवठा २२० व्होल्टचा असल्यास त्याची शिखर किंमत काढा.

३. यंत्रावर एकही दिवा लागत नाही आणि यंत्रावर तांबडा दिवा लुकलुकतो, या दोन अवस्थांत शोधाचा आरंभ कोठून कराल? दोन्हींतील फरक स्पष्ट करा.

४. लेखकाने नवा दिवा विकत घेण्यापूर्वी कोणते दोन प्रश्न स्वतःला विचारावयास हवे होते?

५. तुमच्या घरातील एखादे अडलेले यंत्र निवडा. वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, कवच न उघडता, वरील क्रमाने त्याचे निरीक्षण करा आणि नोंद वहीत लिहून वर्गात वाचून दाखवा.